५०० मैलांच्या आत

शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधल्या नॉर्थ सेंट्रल कॉलेजची अमेरिकन फुटबॉलच्या प्लेऑफमध्ये, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेऱ्यांमध्ये, कुणाशी गाठ पडणार, हे जेवढं खेळावर ठरतं तेवढंच नकाशावर ठरतं. आमचा संघ डिव्हिजन थ्रीमधला, म्हणजे खेळासाठी शिष्यवृत्ती न देणाऱ्या कॉलेजांमधला. फुटबॉल खेळणारी अशी कॉलेजं अमेरिकेत २४० च्या आसपास आहेत. मुलं फी भरून शिकतात, पहाटे उठून सराव करतात, आणि त्यांतला एखादाच पुढे व्यावसायिक खेळात जातो. टीव्हीवरच्या मोठ्या विद्यापीठांसारखा पैसा इथे नाही. त्यामुळे कॉलेजांचे खेळ चालवणाऱ्या एनसीएए या संस्थेचा साधा हिशेब आहे: समोरचं मैदान ५०० मैलांच्या आत असेल तर संघाने बसने जायचं, पलीकडे असेल तरच विमान. विमानांचा खर्च आटोक्यात राहावा म्हणून निवड समिती पहिल्या फेऱ्यांमध्ये शक्य तितक्या जवळच्या जोड्या लावते. टेक्सासमधल्या दोन चांगल्या संघांना त्यापायी पहिल्याच फेरीत समोरासमोर यावं लागतं. आम्ही इलिनॉयवाले मात्र नकाशाच्या मधोमध बसलेलो. आमच्या वर्तुळात विस्कॉन्सिन, आयोवा, मिशिगन, इंडियाना, ओहायो, मिनेसोटाचा बराच भाग, सगळं येतं. म्हणजे आमच्या वाट्याला कोण येईल याचे पर्याय सर्वांत जास्त, आणि म्हणून आमच्या गप्पाही सर्वांत लांब चालतात.

२०१८ साली लेक या कॉलेजात दाखल झाली, तोवर मी या खेळाकडे लक्ष दिलं नव्हतं. मी कोल्हापूरचा. फुटबॉल म्हणजे शाहू स्टेडियम, पाटाकडील, शिवाजी तरुण, खंडोबा, दिलबहार. कुठल्या तालमीची गाठ कुणाशी, यावर रात्री उशिरापर्यंत कट्ट्यावर वाद घालत मी मोठा झालो. इथला खेळ वेगळा, चेंडूसुद्धा वेगळा. पण पहिल्या घरच्या सामन्याला गेलो आणि स्टँडमध्ये मागच्या रांगेतली माणसं तावातावाने बोलत होती: व्हीटन जिंकलं तर काय, हरलं तर काय, व्हाइटवॉटरला घरचं मैदान मिळालं तर आपण कुठे जाणार. तो सूर मला ओळखीचा होता. त्या दिवशी खेळाचे निम्मे नियम कळले नाहीत, पण ही माणसं कळली.

बेनेडेट्टी-वेर्ली स्टेडियममध्ये साडेपाच हजार माणसं बसतात. ते गावाच्या मध्यवस्तीला इतकं खेटून आहे की सामना संपल्यावर चालत जाऊन कॉफी घेता येते. आमच्या कॉन्फरन्समध्ये, म्हणजे दरवर्षी आपापसांत खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटात, बहुतेक इलिनॉय आणि विस्कॉन्सिनमधली कॉलेजं. त्यांतलं व्हीटन हे जुनं वैर. दोन्ही कॉलेजांत जेमतेम आठ-दहा मैलांचं अंतर, आणि दरवर्षी एका छोट्या पितळी घंटेसाठी झुंज. घंटा ज्याच्याकडे असेल त्या गावात वर्षभर मान वर.

माझे गुरू म्हणजे आमचे शेजारी. ते निवृत्त शिक्षक, या कॉलेजचे जुने विद्यार्थी. त्यांच्याकडे एक वही असते. ऑक्टोबर संपला की तिच्यात ते पेन्सिलीने संभाव्य प्रतिस्पर्धी लिहायला लागतात: गाव, अंतर, स्टेडियम, वाटेत मुक्काम करावा लागेल का. पेन्सिलीने, कारण दर शनिवारी खोडावं लागतं. अरोराला राहणारा माझा इचलकरंजीचा मित्रही यात ओढला गेला, आणि आमचं तिघांचं मंडळ झालं. सुट्टी असेल तेव्हा लेक चौथी.

अंदाज बांधायची पद्धत २०२३ पर्यंत अशी होती. तेव्हा प्लेऑफमध्ये ३२ संघ घ्यायचे. त्यांतल्या बहुतेक जागा कॉन्फरन्स जिंकणाऱ्यांच्या. उरलेल्या मूठभर जागांवर समिती इतरांना बोलवायची. म्हणून आपल्या शनिवारच्या निकालाबरोबर आयोवात काय झालं, मिशिगनमध्ये काय झालं, हेही बघावं लागतं. एखाद्या कॉन्फरन्समध्ये बलाढ्य संघ अनपेक्षित हरला की तो मोकळ्या जागांच्या रांगेत येऊन उभा राहतो आणि आपली एक जागा कमी होते. मग प्रत्येक विभागाच्या क्रमवाऱ्या यायच्या. कुणी किती तगड्या संघांशी खेळलं, क्रमवारीतल्या किती जणांना हरवलं, हे मोजलं जायचं. आणि शेवटी पुन्हा नकाशा. मला यात सर्वांत जास्त आवडतं ते हे, की ज्या गावांची नावं आयुष्यात कधी कानावर पडली नसती त्यांचा भूगोल पाठ होतो. वेव्हर्ली, अलायन्स, कॉलेजव्हिल, बेल्टन. अमेरिकेत इतकी वर्षं राहून मला विमानतळ आणि ऑफिसं माहीत होती. देश मला या खेळाने दाखवला.

२०१९ चा नोव्हेंबर मी विसरणार नाही. व्हीटनने आम्हाला हरवलं, घंटा नेली, कॉन्फरन्सही त्यांचीच. आम्ही मोकळ्या जागेची वाट बघत बसलेले. निवडीच्या रविवारी आमच्या बैठकीच्या खोलीत शेजारी, मित्र, लेक आणि तिच्या दोन मैत्रिणी. बायकोने पोह्यांचं पातेलंच मध्ये आणून ठेवलं होतं. नाव पडद्यावर आलं तेव्हा ओरडण्यात मीही होतो. पण पुढच्याच क्षणी शेजाऱ्यांनी वही उघडली आणि ब्रॅकेटमधल्या, म्हणजे सामन्यांच्या तक्त्यातल्या, पुढच्या घरावर बोट ठेवलं. पहिली फेरी जिंकलो तर दुसरीत बहुधा माउंट युनियन, आणि तेही त्यांच्या घरी.

मित्र म्हणाला, "भावा, अलायन्सला पाठवलं म्हणजे मोसम तिथंच गुंडाळला."

त्याचं म्हणणं वावगं नव्हतं. ओहायोच्या अलायन्स गावातलं माउंट युनियन म्हणजे या पातळीवरचं सर्वांत मोठं घराणं. लॅरी केरेस हे १९८६ ते २०१२ प्रशिक्षक होते, त्यांच्या काळात ११ राष्ट्रीय विजेतेपदं. त्यांच्यानंतरही संघ थांबला नाही, एकूण १३. कित्येक वर्षं हा संघ किमान उपांत्य फेरीपर्यंत पोचल्याशिवाय राहिलेला नव्हता. जांभळ्या कपड्यांतली ती माणसं डिसेंबर आपल्याच मालकीचा समजायची.

पहिली फेरी झाली, आणि अंदाज खरा ठरला. ३० नोव्हेंबर, थँक्सगिव्हिंगनंतरचा शनिवार. लेकीने विचारलं, "बाबा, तुम्ही गाडी काढणार ना?" अंतर सुमारे ४०० मैल. सामना दुपारी बाराचा, ओहायोचं घड्याळ आमच्यापेक्षा एक तास पुढे, म्हणून शुक्रवारीच निघायला हवं होतं. सुट्टीच्या दिवसांत हॉटेलं महाग पडतील असं वाटलं होतं, पण जवळच्या कँटनमध्ये खोली सहज मिळाली. बायकोने धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. मित्राने जयसिंगपूरहून आलेलं भडंग घेतलं. त्याने हलगीही गाडीत टाकली होती. ती शेजाऱ्यांनी उतरवायला लावली, कारण प्लेऑफच्या सामन्यांत वाद्यं, भोंगे, असली आवाजाची साधनं प्रेक्षकांना नेता येत नाहीत. कॉलेजचा मोसमी पासही तिथे चालत नाही, तिकीट वेगळं काढावं लागतं. या बारीकसारीक गोष्टी अनुभवी माणूस बरोबर असला की आधी कळतात.

इंडियानाचा टोल रोड आणि ओहायोचा टर्नपाइक हा रस्ता सरळ आणि कंटाळवाणा आहे, हे मान्य करायला हवं. मक्याची कापलेली शेतं, मग पुन्हा शेतं. पण विश्रांतिथांब्यावर लाल जॅकेट घातलेलं एक कुटुंब भेटलं. त्यांचा मुलगा संघात होता, बचावफळीत. वडील म्हणाले की लहानपणापासून त्याचे सामने बघतोय, आज कदाचित शेवटचा असेल. डिव्हिजन थ्रीमध्ये हे वाक्य फार ऐकू येतं. हरलं की मोसम संपतो, आणि चौथ्या वर्षाच्या मुलांचा खेळच संपतो.

माउंट युनियनचं स्टेडियम जुनं आहे, शतकभरापासून तिथे फुटबॉल खेळला जातोय. मैदान इतकं जवळ की खांदापट्ट्यांचा आवाज छातीत जाणवतो. यजमानांनी आम्हाला जागा दाखवली, आणि एक जांभळा कोट घातलेल्या आजी येऊन म्हणाल्या की पलीकडच्या गाड्यावर गरम सूप मिळतं, तेच घ्या. वैर मैदानात, बाहेर पाहुणचार. भडंग फिरलं, त्यांच्याकडचे सँडविच आमच्याकडे आले.

सामना ५९–५२ असा आम्ही जिंकला. तो आकडाच सगळं सांगतो. बचाव कुणालाच जमत नव्हता. आमचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू, ब्रॉक रटर एकामागून एक लांब फेकी करत होता, आणि ते दर वेळी उत्तर देत होते. शेवटच्या क्षणापर्यंत कुणी खाली बसलं नाही. संपलं तेव्हा स्टेडियमच्या त्यांच्या बाजूला विलक्षण शांतता. त्या गावाने नोव्हेंबरात मोसम संपलेला कित्येक वर्षं बघितलाच नव्हता. सूप सुचवणाऱ्या आजींनी येऊन हात हातात घेतले आणि म्हणाल्या, आता मात्र जिंकूनच दाखवा. आमच्या पोरांनी ते केलं. टेक्सासमधल्या शेनँडोआ इथे अंतिम सामन्यात विस्कॉन्सिन-व्हाइटवॉटरवर ४१–१४. तो आम्ही घरी बसून पाहिला. कॉलेजचं हे पहिलंच राष्ट्रीय विजेतेपद.

२०२० मध्ये कोविडमुळे प्लेऑफ झालेच नाहीत. वहीतलं ते पान शेजाऱ्यांनी कोरं ठेवलंय. २०२१ मध्ये कँटनच्या अंतिम सामन्यात मेरी हार्डिन-बेलरने आम्हाला ५७–२४ असं धुतलं. २०२२ मध्ये लेक पदवी घेऊन नोकरीला लागली, आणि कॉलेजशी आमचा नात्याचा धागा कागदोपत्री संपला. शनिवार मात्र तसाच राहिला.

स्टेडियमांवरून आमच्या मंडळात मतभेद आहेत. मित्राला मोठं हवं. २०२२ चा अंतिम सामना अ‍ॅनापोलिसला नौदलाच्या स्टेडियममध्ये झाला, माउंट युनियनवर २८–२१. तो अजून त्या वास्तूबद्दल बोलतो. मला ते पटत नाही. तीसेक हजारांच्या जागेत काही हजार माणसं विखुरली की आवाज हवेत विरून जातो. छोट्या कॉलेजचा अंतिम सामना छोट्या गावात व्हावा, जिथे त्या दिवशी दुसरं काही महत्त्वाचं चाललेलं नसेल. व्हर्जिनियातलं सेलम हे तसं गाव आहे. १९९३ पासून २०१७ पर्यंत सलग हा सामना तिथेच व्हायचा. त्याला स्टॅग बोल म्हणतात, एमोस अलॉन्झो स्टॅग यांच्या नावाने. हे नाव आम्हा शिकागोकडच्यांना जवळचं. स्टॅग १८९२ पासून चाळीस वर्षं शिकागो विद्यापीठाचे प्रशिक्षक होते. विद्यापीठाने १९३९ मध्ये मोठ्या पातळीवरचा फुटबॉल सोडला, आणि त्यांच्याच नावाच्या मैदानाच्या रिकाम्या स्टँडखाली २ डिसेंबर १९४२ ला एन्रिको फर्मींच्या गटाने पहिली नियंत्रित अणुसाखळी प्रक्रिया घडवली. आज ते विद्यापीठ डिव्हिजन थ्रीमध्ये खेळतं. मी व्यवसायाने इंजिनिअर, त्यामुळे हा तपशील मी प्रत्येक नव्या माणसाला ऐकवतो.

२०२३ मध्ये स्टॅग बोल पुन्हा सेलमला परतला. ते जाहीर असल्यामुळे आमच्या वहीत त्या वर्षी शेवटचं पान आधी भरलं गेलं: सेलम, सुमारे ७०० मैल. अंतिम सामन्याला आपण ५०० च्या नियमात नसतो, तिथे संघ विमानाने जातो आणि चाहत्यांनी आपलं आपण बघायचं. आम्ही उपांत्य फेरीपर्यंत आरक्षण केलं नाही, कारण शेजाऱ्यांचा त्याला सक्त विरोध. प्रतिस्पर्ध्याचा मान ठेवायचा, पुढची खोली आधी घ्यायची नाही. आयोवाच्या वॉर्टबर्गला घरच्या मैदानावर हरवलं त्या संध्याकाळी, पार्किंगमध्ये गाडी सुरू करण्याआधी, मित्राने तीन खोल्या घेतल्या.

सामना शुक्रवारी, १५ डिसेंबरला रात्री. आम्ही गुरुवारी पहाटे निघालो. इंडियानापोलिस, डेटन, मग ओहायोतून आग्नेयेकडे जाणारा ३५ नंबरचा रस्ता, आणि चार्ल्स्टनला मुक्काम. वेस्ट व्हर्जिनियात शिरलं की सपाटीला सरावलेल्या डोळ्यांना बरं वाटतं. दुसऱ्या दिवशी बेकलीच्या पुढे घाट सुरू झाले. राज्याची सीमा डोंगराच्या पोटातून ओलांडावी लागते, ईस्ट रिव्हर माउंटनचा मैलाहून लांब बोगदा. बोगद्याच्या या तोंडाशी वेस्ट व्हर्जिनिया, त्या तोंडाशी व्हर्जिनिया. थोड्या अंतरावर बिग वॉकरचा दुसरा बोगदा. शेजारी गाडीत मागे बसून कॉर्टलंडची आकडेवारी वाचून दाखवत होते. न्यूयॉर्क राज्यातलं हे कॉलेज पहिल्यांदाच अंतिम फेरीत आलं होतं. आमचा संघ मागचे २९ सामने हरलेला नव्हता. तरी शेजाऱ्यांचा स्वर सावध होता. "यांनी या डिसेंबरात खूप गुण केलेत," ते परत परत म्हणत होते.

सेलममध्ये उतरलो आणि मला हवं ते सगळं तिथे होतं. स्टेडियमला सात हजारांच्या आसपास जागा, मागे डोंगर. पार्किंगमध्ये गाड्या लावायला मदत करणारे स्वयंसेवक गावचेच, काहीजण स्टॅग बोलचं काम पिढीजात करत असल्यासारखे. एकाने आमची नंबरप्लेट पाहून विचारलं, बोगद्यातून आलात की ब्लॅक्सबर्गकडून? मग त्याने परतीचा रस्ता समजावून दिला. कॉर्टलंडचे चाहते बसगाड्या भरून आले होते. त्यांच्या एका गटाशी आमच्या मित्राची इतकी जमली की त्यांनी आमचं भडंग संपवलं आणि आम्हाला आग्रहाने सॉसेज घ्यायला लावले. मी शाकाहारी आहे म्हटल्यावर त्यांतल्या एका बाईंनी डब्यातून ब्राउनी काढून दिली.

सामन्याबद्दल लिहिताना अजून घशाशी येतं. आघाडी इकडून तिकडे झुलत राहिली. शेवटी आम्ही सात गुणांनी मागे असताना, दीड मिनिटाच्या आत वेळ उरलेला असताना, सहा गुणांचं टचडाउन केलं आणि ३८–३७ असा फरक राहिला. एका गुणाची किक मारून बरोबरी साधता आली असती आणि जादा वेळेत जाता आलं असतं. प्रशिक्षक ब्रॅड स्पेन्सर यांनी दोन गुणांसाठी जायचं, म्हणजे किकऐवजी चेंडू पुन्हा एकदा रेषेपलीकडे न्यायचा, असं ठरवलं. तो निर्णय मला तेव्हाही योग्य वाटला आणि आजही वाटतो. त्यांचा आक्रमक फळीवर विश्वास होता, बचावफळी दमली होती, आणि ल्यूक लेहनेनसारखा क्वार्टरबॅक हाताशी असताना चेंडू त्याच्याकडेच असायला हवा. कॉर्टलंडने तो प्रयत्न अडवला. एवढंच. त्यांचं पहिलं विजेतेपद, आणि ते त्यांनी कमावलेलं होतं.

स्टँडमधून उतरताना लाल जॅकेट घातलेले पालक एकमेकांना धरून उभे होते. मैदानावर आमची मुलं गुडघ्यांवर. कॉर्टलंडचे दोन खेळाडू आनंद सोडून त्यांच्यातल्या एकाला उठवायला आले, हे मी डोळ्यांनी पाहिलं. ब्राउनी देणाऱ्या बाई फाटकाशी भेटल्या. त्या काहीच बोलल्या नाहीत, मिठी मारली आणि गेल्या. हॉटेलवर शेजाऱ्यांनी वहीत निकाल लिहिला, पेनाने. मित्र म्हणाला, "काका, पुढच्या वर्षीचं पान काढा." मराठीतच म्हणाला. त्यांना 'काका' हा शब्द आता कळतो, आणि पान उलटलेलंही कळलं.

पुढच्या वर्षी खेळाचे नियम तेच राहिले, अंदाजाचे बदलले. २०२४ पासून प्लेऑफमध्ये ४० संघ आले, आणि निवडीसाठी एनपीआय नावाचं गणित आलं, ज्यात निकाल आणि प्रतिस्पर्ध्यांची ताकद यांवरून प्रत्येक संघाला एक आकडा मिळतो. समितीच्या बंद खोलीत काय चाललंय यावर तर्क करण्यात जी मजा होती ती थोडी कमी झाली. पण न्याय जास्त आहे, आणि ज्या संघांनी चांगला मोसम खेळून एका पराभवापायी घरी बसायचं ते आता आत येतात. लेक माझ्याशी सहमत. तिने दुसऱ्या गावी राहून स्प्रेडशीट बनवली आहे आणि रविवारी रात्री फोनवर आकडे वाचते. शेजारी वहीत उतरवून घेतात. अंतिम सामना ५ जानेवारी २०२५ ला ह्यूस्टनला होता. तिथे माझा मावसभाऊ राहतो, त्यामुळे मुक्कामाचा प्रश्न नव्हता आणि एकदाचे आम्ही विमानाने गेलो. समोर पुन्हा माउंट युनियन. ४१–२५ असा जिंकलो. मावसभावाला पहिल्या सत्रात काही कळलं नाही, तिसऱ्यापासून तो उभा राहून ओरडत होता.

एक मैदान अजून राहिलंय, मिनेसोटातल्या कॉलेजव्हिलचं. सेंट जॉन्सचं क्लेमेन्स स्टेडियम, झाडीत दडलेलं, बाजूला बेनेडिक्टाइन मठ. जॉन गॅग्लियार्डी १९५३ ते २०१२ तिथे प्रशिक्षक होते. कारकिर्दीत ४८९ विजय, कॉलेज फुटबॉलमध्ये सर्वाधिक. सरावात खेळाडूंना टॅकल करू द्यायचे नाहीत, आणि 'कोच' म्हणू द्यायचे नाहीत, फक्त जॉन. मॅडिसनवरून, मग मिनिआपोलिसच्या बाजूने, साधारण ४७० मैल पडतात. म्हणजे वर्तुळाच्या काठावर, पण आत. ब्रॅकेटमध्ये आमची त्यांच्या घरी गाठ पडायची तर त्यांचा क्रम आमच्या वर हवा, म्हणजे आम्ही कुठेतरी हरायला हवं. शेजाऱ्यांना हे मंजूर नाही. मित्राने तोडगा काढलाय: सप्टेंबरात, आमच्या संघाला सुट्टी असलेल्या शनिवारी, नुसतं मैदान बघायला जायचं. शेजाऱ्यांनी वहीत मुक्कामाचं गाव लिहिलंय, मॅडिसन की ओ क्लेअर यावर अजून एकमत नाही.